पै पै साठवणाऱ्या बायकांच्या वतीने खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
मंत्रालय, मुंबई.



मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. एकतीस वर्षे मी पोस्टाच्या आरडीची एजंट होते. दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत गल्लीबोळ पालथे घालून पन्नास, शंभर, दोनशे रुपये गोळा करायचे, पुस्तकात नोंद करून आणायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दारात उभे राहायचे, हे माझे काम. माझ्या खातेदार म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या, भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या, खुरपायला जाणाऱ्या बायका. ‘ताई, या महिन्यात नाही जमत’ असे कुणी म्हटले की मी हटून बसायचे. ‘टाका हो, म्हातारपणी कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये,’ हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटले असेल, याची गणती नाही. ते वाक्य मला शासनाच्याच अल्पबचतीच्या मेळाव्यांत शिकवले होते. त्या बायका आता साठी-पासष्टीला आल्या आहेत. त्यांतल्या एकीबरोबर मी परवा सरकारी खिडकीशी उभी होते आणि माझ्याच त्या वाक्याची मला लाज वाटली. म्हणून हे पत्र.

त्या आमच्या गल्लीतल्या मावशी. वीस वर्षे त्यांनी माझ्याकडे आरडी भरली. दर पाच वर्षांनी पैसे हातात आले की पोरीच्या लग्नाला थोडे मोडायचे आणि उरलेले पुन्हा ठेवायचे. असे करत दोन लाख साठले. त्यांचे यजमान रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडून गेले. वर्षाला वीस रुपये भरून काढलेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे दोन लाख मिळाले. हे चार लाख मी त्यांना पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायला लावले. ८.२ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ३२,८०० रुपये. दर तीन महिन्यांनी ८,२०० रुपये खात्यावर येतात. शेत नाही, मुलगा पुण्याकडे कंपनीत कंत्राटी कामाला, त्याचे रेशनकार्ड वेगळे, त्याचेच त्याला पुरत नाही. मावशींचे म्हातारपण त्या ८,२०० रुपयांवर आणि जुलै २०२४ पासून मिळणाऱ्या लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांवर चालले होते.

आणि मावशींना पासष्टावे वर्ष पुरे झाले. लाडकी बहीण योजना पासष्टीपर्यंतच, त्यामुळे ते पैसे बंद झाले. आम्ही म्हटले, हरकत नाही, पासष्टीनंतर श्रावणबाळ आहे, त्याचेही १,५०० च मिळतात. आमच्याकडे याला कुणी अनुदान म्हणत नाही, ‘श्रावणबाळचा पगार’ म्हणतात. तो पगार लावून घ्यायला आम्ही कागद घेऊन तहसीलला गेलो. मावशींनी पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून आणले होते. खिडकीतल्या माणसाने पान उलटले आणि त्याचे बोट ८,२०० च्या ओळीवर थांबले.

‘हे कशाचे?’

‘व्याज आहे, बाबा. पोस्टातलं.’

‘वर्षाचे बत्तीस हजार होतात. एकवीसच्या आत पाहिजे. तुम्हाला नाही बसायचं.’

मावशी काही बोलल्या नाहीत. तो माणूस वाईट नव्हता. आवाज खाली करून तो म्हणाला, ‘पैसे पोराच्या नावावर टाका, दाखला एकवीसच्या आतला काढा, मग या.’ परतताना रिक्षात मावशींनी मला एवढेच विचारले, ‘ताई, आपण साठवायला नको होतं का?’

महोदय, हा प्रश्न मी आपल्याकडे पाठवते आहे. माझ्याकडे त्याचे उत्तर नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या बचतीचा हिशोब मी आयुष्यभर केला, तेव्हा हाही करून पाहिला. ८.२ टक्के दराने २ लाख ५६ हजार रुपयांवर वर्षाला २०,९९२ रुपये व्याज येते. म्हणजे जिच्याकडे एवढीच ठेव आहे, ती एकवीस हजारांच्या आत बसते आणि तिला वर्षाचे १८,००० रुपये श्रावणबाळचे मिळतात. तिची वर्षाची मिळकत झाली ३८,९९२. मावशींनी तिच्यापेक्षा १ लाख ४४ हजार रुपये जास्त साठवले आणि त्यांची मिळकत राहिली ३२,८००. जास्त साठवणारी बाई वर्षाला सहा हजारांनी गरीब झाली. मर्यादेच्या वर जितके उत्पन्न आहे तितके अनुदान कमी करावे, हेही एकवेळ समजले असते. इथे एक रुपया वर गेला की अठराच्या अठरा हजार जातात. असा नियम करताना ज्याच्या हाती लेखणी होती, त्याने ही बेरीज-वजाबाकी करून पाहिली होती का?

आता या एकवीस हजारांकडे पाहावे. पूर्ण कुटुंबाचे वर्षाचे २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान महिना ६०० रुपये होते तेव्हा मर्यादा हीच होती. २०१९ मध्ये ते १,००० झाले तेव्हाही हीच. २०२३ मध्ये १,५०० झाले तेव्हाही हीच. अनुदान अडीच पटींनी वाढले, कारण महागाई वाढली हे शासनाने मान्य केले. मग तीच महागाई सोसणाऱ्या माणसाच्या उत्पन्नाची मर्यादा जागची का हलली नाही?

रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये ठरली. ज्या घरातला एक माणूस वर्षात ६८ दिवस हमीच्या कामावर गेला, त्या घराचे उत्पन्न २१,२१६ रुपये झाले. कायद्याने गेली वीस वर्षे हमी शंभर दिवसांची दिली. म्हणजे सुनेने शासनाने दिलेले सगळे दिवस काम करायचे ठरवले, तर सत्तरीच्या सासूचा श्रावणबाळचा पगार बंद. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट, १९७७ चा कायदा आपल्याच विधिमंडळाने केला. त्या कामावर जाणारे घर निराधार योजनेच्या हिशोबात सुखवस्तू ठरते, हे आपल्या विभागाला ठाऊक नाही असे मी मानत नाही.

मग प्रश्न येतो की, राज्यात एवढ्या लोकांना निराधार आणि श्रावणबाळ मिळते ते कसे? आपणांसही ते ठाऊक आहे. गावोगाव उत्पन्नाचे दाखले अठरा हजार, वीस हजार, एकवीस हजार असेच निघतात. घरात दोन माणसे रोजंदारीला जात असली तरी वीस हजार, एकही जात नसला तरी वीस हजार. तलाठी जबाब लिहून घेतो, शेजारचे दोघे पंच म्हणून सह्या करतात, खाली अर्जदाराचा अंगठा घेतला जातो आणि त्याच कागदावर छापलेले असते की माहिती खोटी आढळल्यास शिक्षेस पात्र राहीन. सत्तर वर्षांच्या माणसाकडून, ज्याने आयुष्यात कुणाचा एक पैसा बुडवला नाही, त्याच्याकडून आपण दरवर्षी हे लिहून घेता. मी तलाठ्यांना दोष देत नाही. खरा आकडा लिहिला तर समोरच्या माणसाची चूल विझेल, हे त्यांना दिसते. दोष त्या आकड्याचा आहे, जो खरे बोलून कुणालाच पार करता येत नाही. ज्यांनी खोटे लिहिले ते आत आले, ज्यांनी खरे लिहिले ते बाहेर राहिले, आणि ज्यांचे पैसे पासबुकात दिसतात त्यांना खोटे लिहायचीही सोय नाही. उशीखाली नोटा ठेवणारी पात्र, पोस्टात ठेवणारी अपात्र. मग घराघरात जनधन खाती उघडायला लावली ती कशासाठी?

ठेव पोराच्या नावावर करा, हा सल्ला मी किमान दहा खिडक्यांवर ऐकला आहे. शासनाचा तो लेखी आदेश नाही, हे खरे. पण आपल्या नियमाने त्याला दुसरा रस्ता ठेवलेला नाही. म्हातारपणी सगळे मुलांच्या नावावर करून दिल्यावर आईबापांचे काय होते, हे पाहूनच संसदेने २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मागता यावी, अशी तरतूद त्यात आहे. एका दालनात ज्येष्ठांना सांगायचे की आपले पैसे आपल्या हाती ठेवा, आणि शेजारच्या दालनात पगार लावून घ्यायला ते हातातून घालवायला लावायचे. मावशींनी उद्या ते चार लाख मुलाच्या खात्यावर टाकले आणि सुनेशी बिनसले, तर त्या कुणाच्या दारात उभ्या राहतील?

विधवा बायकांचे तर आणखी बिकट आहे. नवरा पन्नाशीच्या आत अपघातात गेला आणि जीवनज्योती व सुरक्षा विमा असे दोन्ही असले, तर चार लाख येतात. बँकेच्या साध्या ठेवीत सहा टक्के धरले तरी २४,००० व्याज झाले. म्हणजे एकवीस हजारांच्या वर. केंद्राच्या योजनेने ज्या दिवशी तिला आधार दिला, त्याच दिवशी राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेचे दार बंद झाले. शेतकऱ्याने जीव दिल्यावर मिळणाऱ्या एक लाखातले सत्तर हजार तर शासनच ठेव म्हणून अडकवून ठेवते, बाईने उधळू नयेत म्हणून. या ठेवींचे व्याज उत्पन्नात धरायचे की नाही? किसान सन्मानचे सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार धरायचे की नाही? एका टेबलावर हो म्हणतात, दुसऱ्या टेबलावर नाही. अर्जाच्या मागच्या पानावर चार ओळी छापून हे स्पष्ट करायला आपल्याला कोण अडवते?

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली, ती सांगते. लाडक्या बहिणीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. श्रावणबाळची एकवीस हजार. पैसे दोन्हीकडे १,५०० च. म्हणजे बाई चौसष्ट वर्षे अकरा महिन्यांची असते तोवर अडीच लाख उत्पन्नाच्या घरातलीसुद्धा गरजू. पुढच्या महिन्यात ती पासष्टीची झाली की त्याच घरातले उत्पन्न जवळजवळ बारा पटींनी खाली यायला हवे, तरच ती गरजू. वय वाढल्यावर माणसाची गरज कमी होते, असे आपल्या खात्याचे मत आहे का? गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू आला, कुणी कामाला ठेवेनासे झाले, नेमके त्या दिवशी आपण १,५०० रुपये काढून घेता.

हे मी एका मावशीवरून बोलत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये शासनाने स्वतः जाहीर केले की, लाडकी बहीण योजनेत अपात्र ठरलेल्या पाच लाख महिलांपैकी १ लाख १० हजार पासष्टी ओलांडलेल्या होत्या. त्या आकड्यावर पुष्कळ चर्चा झाली. पैसे कसे वाचले, याचीही झाली. माझा प्रश्न साधा आहे. त्या १ लाख १० हजार बायकांपैकी किती जणींना श्रावणबाळ लागू झाले? त्यांचे आधार क्रमांक आपल्याकडे आहेत, बँकखाती आहेत, जन्मतारखा आहेत. त्याच आधाराने वगळताना एकाही कागदाची गरज पडली नाही, मग त्याच आधाराने दुसऱ्या योजनेत घ्यायला उत्पन्नाचा दाखला, रहिवास, वयाचा पुरावा, हयातीचा दाखला आणि सेतूतले चार हेलपाटे का लागतात?

एकवीस हजार हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही. दिव्यांगांसाठी आपणच ही मर्यादा पन्नास हजारांवर नेली आणि २०२५ मध्ये त्यांचे अनुदान अडीच हजार केले. चांगले केले. त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पासष्टीवरच्या माणसांना चष्मा, काठी, कमरेचा पट्टा घेण्यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत तीन हजार रुपये एकदाच देता, तिथे दोन लाखांपर्यंतचे उत्पन्न चालते. म्हणजे दोन लाखांच्या आतला म्हातारा गरजू आहे, हे शासनाला मान्य आहे. काठीपुरते मान्य आहे, जेवणापुरते नाही. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणात आठ लाखांपर्यंतचे घर दुर्बल. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आयकराची सूट सात लाखांवरून बारा लाखांवर एका भाषणात गेली. विधिमंडळाच्या माजी सदस्यांना महिन्याला किमान पन्नास हजार निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी कुणालाही तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणावा लागत नाही. मर्यादा वाढवता येतात, काढूनही टाकता येतात. ज्यांच्यासाठी ते झालेले नाही त्यांनी काय कमी केले, हे कुणीतरी आम्हाला समोर बसवून सांगावे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या गावात सत्ताधाऱ्यांच्या निवडणूक प्रचाराची जीप फिरली. लाडक्या बहिणींना १,५०० चे २,१०० करू, हे सगळ्यांच्या लक्षात राहिले. प्रचाराच्या त्याच दहा वचनांत आणखी एक होते: वृद्धांचे निवृत्तिवेतनही १,५०० वरून २,१०० करू. मी ते पत्रक जपून ठेवले आहे. घरी जुन्या आरडीच्या पुस्तकांबरोबर आहे. मार्च २०२५ चा अर्थसंकल्प मी टीव्हीसमोर बसून ऐकला, दोन्ही वचनांची वाट पाहत. त्यात ती नव्हती. त्यानंतर मे महिन्यात बातमी आली की सामाजिक न्याय खात्याचा निधी दुसरीकडे वळवला गेला. खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी तेव्हा जाहीर नाराजी बोलून दाखवली होती. मंत्र्यांना नाराजी बोलून दाखवता येते. मावशींनी ती कुठे बोलून दाखवावी?

दिल्लीकडे बोट दाखवले जाईल, म्हणून तेही लिहिते. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ऐंशीच्या आतल्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा महिन्याला दोनशे रुपये आहे. २००७ मध्ये दोनशे होता, आजही दोनशेच आहे. तो वाढवून घेणे हेही आपलेच काम. राज्यात आणि केंद्रात एकाच विचाराचे सरकार असले की कामे झपाट्याने होतात, असे आम्हाला सांगितले गेले होते. मग या दोनशेच्या बाबतीत आपण केंद्राकडे काही लिहिले असेल, तर ते पत्र आम्हाला वाचायला मिळावे.

मी मोठे काही मागत नाही. लाडक्या बहिणीला जी उत्पन्नमर्यादा, तीच श्रावणबाळला आणि संजय गांधी निराधारला लावावी. जी बाई पासष्टी पुरी करून एका योजनेतून बाहेर पडते, तिला नवा अर्ज न घेता पुढच्याच महिन्यापासून दुसऱ्या योजनेत घ्यावे. पोस्टातल्या नि बँकेतल्या ठराविक ठेवीपर्यंतचे व्याज आणि विम्याचे, सानुग्रह मदतीचे पैसे उत्पन्नात धरू नयेत. आणि मर्यादा कुठेतरी ठेवायचीच असेल तर एका रुपयासाठी सगळे अनुदान कापू नये, वरच्या रकमेपुरतेच कापावे. १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्राकडे आजच्याएवढा पैसा नव्हता. तरी ते धाडस झाले होते.

माझे वय आता साठ आहे. माझ्या जुन्या वह्यांत अजून दोनशेच्या वर खातेदारांची नावे आहेत. त्यांतल्या कितीतरी येत्या पाच वर्षांत पासष्टीला पोहोचतील आणि कागद घेऊन माझ्याच ओट्यावर येतील, कारण साठवायला मीच सांगितले होते.

मावशींचा अर्ज अजून दिलेला नाही. तो माझ्यासमोर टेबलावर आहे. नाव लिहिले, वय लिहिले, पत्ता लिहिला. ‘कुटुंबाचे एकूण वार्षिक उत्पन्न’ हा रकाना कोरा आहे. ३२,८०० लिहिले तर अर्ज त्याच खिडकीतून परत येईल. २१,००० लिहिले तर खाली माझ्या अक्षरात खोटे असेल आणि त्यावर मावशींचा अंगठा असेल. सोमवारी आम्ही पुन्हा तहसीलला जाणार आहोत. त्या रकान्यात मी कोणता आकडा लिहू, हे आपण त्याआधी कळवावे.

आपली,
एक नागरिक
(माजी अल्पबचत प्रतिनिधी)